रोड टॅक्स भरलाय, मग टोल कशाला?

पुणे-बंगळूर महामार्गावर कोल्हापूरजवळच्या किणी टोलनाक्याच्या रांगेत आणि व्हॉट्सॲपवर एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: ‘गाडी घेतानाच रोड टॅक्स भरला, त्यामुळे टोल बेकायदा.’ असं वाटणं साहजिकच आहे, नावातच ‘रोड’ आहे ना.

पण हा कर राज्याचा. तो राज्याच्या तिजोरीत जमा होतो आणि तिथून शाळा, दवाखाने, रस्ते अशा सगळ्याच खर्चांत मिसळतो. किणीचा हा महामार्ग मात्र राष्ट्रीय. तिथला टोल म्हणजे रस्ता वापरण्याचं शुल्क. त्याला १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याचा आधार आहे, दर २००८ च्या नियमांनी ठरतात.

पडताळायला घरातली टॅक्सची पावती काढा. पैसे कुणाकडे जमा झाले ते तिच्यावरच दिसेल. मग नाक्यावरचा दरफलक सावकाश वाचा: एकेरी, परतीचा, मासिक पास. फास्टॅगनं टोल भरून चोवीस तासांत परत आलात तर दुप्पट नव्हे, दीडपटच लागतो. हे अनेकांना ठाऊकच नसतं.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फौंड्रीतलं कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) याच रस्त्यानं पुण्याला जातं. म्हणून टोल भरून खड्डे मिळाले, तर तक्रार जरूर करा. ती रास्तच आहे. फक्त तिच्यात रोड टॅक्सचा मुद्दा घालू नका, त्यानं ती लंगडी पडते.