सासर नाशिकचं, आधारवर पत्ता माहेरचा: कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज कुठे आणि कसा करायचा

लग्न होऊन परजिल्ह्यातून, परराज्यातून नाशिकला आलेल्या बाईला घरात मारहाण सुरू झाली की ती आधी कागदांपाशी अडते. आधारवर माहेरचा पत्ता, लग्नाची नोंदणी नाही, उरलेली कागदपत्रं सासूच्या कपाटात. ताई, त्यासाठी थांबू नका. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करायला इथला रहिवासी दाखला लागत नाही.

कलम 27 प्रमाणे तुम्ही सध्या राहता तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो, मुक्काम तात्पुरता असला तरी. निफाडचं सासर सोडून सिडकोत मावशीकडे आलात तर नाशिकला, माहेरी परभणीला गेलात तर परभणीला. शिवीगाळ, माहेरच्यांशी बोलू न देणं, पगार किंवा दागिने काढून घेणं हीसुद्धा कायद्याने हिंसाच आहे.

अर्ज थेट कोर्टात देता येतो. पण आधी संरक्षण अधिकाऱ्यांना, म्हणजे या कायद्याखाली बाईच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांना, भेटलेलं बरं. त्यांचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळतो. ते घटना अहवाल, म्हणजे डीआयआर, भरून घेतात. इथे घाई करू नका. ‘घरात वाद होतात’ एवढंच लिहिलं तर अर्ज लंगडा पडतो. कोणी, कशाने, कुठे मारलं ते सांगा. तारीख आठवत नसेल तर ‘द्राक्षकाढणी चालू होती’, ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’ असं सांगा. मराठी येत नसेल तर आपल्या भाषेत बोला, दुभाषी मागा, आणि वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.

सोबत जे असेल ते जोडा: ओळखपत्र, लग्नाचे फोटो किंवा पत्रिका, मोबाइलवरचे मेसेज, मुलांचे जन्मदाखले, स्त्रीधनाची यादी. दवाखान्यात गेलात तर ‘पडले’ म्हणू नका. कोणी मारलं ते केसपेपरवर लिहायला लावा. दागिने आणि कागद सासरी अडकले असतील तर ते परत मिळावेत अशी मागणी याच अर्जात करा.

संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा आणि नुकसानभरपाई एकाच अर्जात मागता येते. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, एवढ्यावरून तुमचा राहण्याचा हक्क जात नाही. कायदा पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत द्यायला सांगतो, पण प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून कलम 23 खाली अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश पहिल्याच दिवशी, प्रतिज्ञापत्रासह मागा. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांची हेल्पलाइन 15100, महिलांसाठी 181, आणि जिवावर बेतलं असेल तर थेट 112.