बटण दाबल्यानंतरचं काम

फिल्म चांगली की डिजिटल, हा वाद फोर्टातल्या बोरा बझारात कॅमेऱ्याच्या दुकानासमोर कुणी ना कुणी अजूनही उकरून काढतं. मेगापिक्सेल, ग्रेन, रंग, सगळं निघतं. मला त्यात एक वेगळाच प्रश्न दिसतो: बटण दाबल्यानंतरचं काम कुणी करायचं?

फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बेची स्थापना १८५४ची. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली त्याच्या पुढच्याच वर्षी. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या काळातल्या मुंबईकर छायाचित्रकारांची नावं. तेव्हा सगळा कारभार एकहाती. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असेपर्यंत कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच डेव्हलप करायची. हाताशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी. म्हणून देवळाचा किंवा लेण्याचा फोटो काढायला निघालेला माणूस बाटल्या, काचा आणि काळोखा तंबू सोबत घेऊनच निघायचा.

हे काम पहिल्यांदा हातातून गेलं ते १८८८मध्ये. जॉर्ज ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा १०० फोटोंचा रोल भरूनच मिळायचा. रोल संपला की अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा. तुम्ही बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो, अशी त्यांची जाहिरातच होती. पुढची शंभरएक वर्षं सर्वसामान्य माणसासाठी फोटो काढणं म्हणजे रोल भरणं आणि ‘धुवायला’ देणं.

आमच्या गिरगावातल्या घरी आग्फा क्लिक थ्री होता. १२०च्या रोलवर १२ चौकोनी फोटो, बस्स. नंतर ३५ मिलिमीटरचा कॅमेरा आला आणि ३६ फोटोंची श्रीमंती आली. तरी रोल महाग, त्यामुळे गणपतीत अर्धा वापरायचा, उरलेला दिवाळीसाठी ठेवायचा आणि शेवटी ३७वा फोटो निघतो का ते बघायचं. आतेबहिणीच्या साखरपुड्यात मी तीसेक फोटो काढले. धुवायला दिलेला रोल कोराच्या कोरा परत आला. फिल्मचं टोक स्पूलमध्ये अडकलंच नव्हतं. लिव्हर ओढताना रिवाइंडची कळ फिरते का, एवढं बघायला हवं होतं. ते मी तेव्हापासून आजतागायत विसरलेलो नाही, आणि आत्याही विसरलेली नाही.

डिजिटलची सुरुवात मात्र कोडॅकच्याच घरात झाली. १९७५मध्ये तिथले इंजिनीअर स्टीव्हन सॅसन यांनी साडेतीन किलोंहून जड असा एक ठोकळा तयार केला. १०० बाय १०० ठिपक्यांचं एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागायची. १९९१मध्ये निकॉन एफ थ्रीच्या अंगावर बसवलेला कोडॅकचा १.३ मेगापिक्सेलचा डीसीएस हा डिजिटल कॅमेरा बाजारात आला. तो वृत्तछायाचित्रकारांसाठी होता, आणि त्यामागचं कारण सरळ होतं. दर्जात फिल्मच सरस होती, पण अंक छापायला जायची वेळ कुणासाठी थांबत नाही. घराघरांत डिजिटल आलं ते दुसऱ्या कारणाने: फसलेल्या फोटोला पैसे पडेनासे झाले.

गंमत म्हणजे दोहोंतली सीमा तोवर पुसटच झाली होती. नव्वदीच्या अखेरीस आलेली डिजिटल मिनीलॅब, म्हणजे दुकानातच फोटो छापून देणारी यंत्रं, फिल्म आधी स्कॅन करत आणि त्यावरून प्रिंट काढत. हातात पडलेला ‘फिल्मचा फोटो’ वाटेत डिजिटल होऊन आलेला असे.

खरा फरक उजेडाच्या हिशेबात आहे. निगेटिव्हला जास्तीचा उजेड बराच सोसतो, पण सावलीत काही नोंदलंच गेलं नाही तर मागून उपाय नाही. डिजिटलचं बरोब्बर उलट. दुपारच्या उन्हात चौपाटीवरचा पांढरा सदरा एकदा ‘जळला’ की त्यातली वीण परत मिळत नाही, सावलीतून मात्र बरंच काही ओढून काढता येतं. फिल्मवर शिकलेला माणूस सवयीने थोडा जास्त उजेड देतो आणि डिजिटलवर तिथेच फसतो. मीही फसलो.

डिजिटलने डार्करूम पुन्हा ज्याच्या त्याच्या घरी आणली. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद, उघडून रात्री दोनपर्यंत सावल्या ओढत बसणारे पाहिले की मला नारायण दाजींच्या पिढीचे तंबू आठवतात. पण हेही फार टिकलं नाही. मोबाइल आता एका टिचकीत अनेक फ्रेम घेतो, त्या जुळवतो, आकाश आणि चेहरा उजळवतो आणि तयार फोटो हातात ठेवतो. बाकीचं पुन्हा कंपनीच बघते. आणि मुंबईत आज जे हौसेने रोल भरतात, ते निगेटिव्ह धुऊन झाल्यावर प्रिंट क्वचितच काढतात. स्कॅन मागवतात आणि लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर बघतात.