पदवी मान्य असणे वेगळे, नोकरीत चालणे वेगळे

बारावीनंतर लगेच कामाला लागलेली मुले हमखास विचारतात, ‘इग्नूची डिग्री चालते मगे?’ इग्नू म्हणजे घरी राहून, दूरस्थ पद्धतीने शिकवणारे केंद्रीय मुक्त विद्यापीठ. या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पदवी मान्य आहे का, याचे उत्तर नियम देतात. ती बघून कंपनी घेईल का, याचे उत्तर कंपनीच देते. पहिल्याचे ‘हो’ ऐकून दुसऱ्याचेही गृहीत धरले की घोळ होतो.

मान्यतेबाबत यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्टच केले, की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष. सरकारी जाहिरातीत ‘मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी’ एवढेच लिहिले असेल तर निव्वळ दूरस्थ म्हणून अर्ज बाद व्हायचे कारण नाही. आपल्याकडे गोव्यात त्याआधी पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोंकणीची अट पाहावी लागते, ते निराळे.

पण विद्यापीठ नामांकित आहे म्हणून त्याचा प्रत्येक दूरस्थ अभ्यासक्रम मान्य, असे नाही. चार अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ ते २००५ दरम्यान प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना परीक्षेला बसायला लावले, नंतरच्यांच्या तर रद्दच केल्या. आणि गोवेकरांनी खास लक्षात ठेवावे असे म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट, नर्सिंग, फार्मसी, कायदा या विषयांची पदवी दूरस्थ पद्धतीने द्यायलाच बंदी आहे. एखाद्या कॉम्प्लेक्समधल्या क्लासवाल्याने ‘घरबसल्या हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री’ म्हटले, तर जिना उतरून सरळ घरी यावे.

आता दुसरा प्रश्न. दूरस्थ गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला शिक्षणाची पद्धत, प्रवेशाची तारीख, अभ्यास केंद्राचा पत्ता छापावा असा नियम आहे. म्हणजे मुलाखत घेणारा कागद उलटतो तेव्हा त्याला सगळे दिसते. तिथून पुढे धंद्याप्रमाणे नजर बदलते. पणजीतल्या सीएच्या ऑफिसला बी.कॉम. कुठून केले यापेक्षा जीएसटीचे रिटर्न भरता येते का, यात रस. वेर्ण्याच्या औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला मात्र पहिला सवाल ‘प्रॅक्टिकल कुठे केलीस?’ असा येतो, आणि तो रास्तच आहे. औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी मशीनवर पुस्तकात बघून हात बसत नाही.

हॉटेलांत तर उलटच. कळंगुटला तीन वर्षे फ्रंट ऑफिस सांभाळत बी.ए. केलेल्या मुलीला कुणी कमी लेखत नाही. उलट सीझनची गर्दी झेलून परीक्षा दिल्या, याचेच वजन पडते. दूरस्थ पदवी असली की त्या तीन वर्षांत तुम्ही दुसरे काय केलेत ते विचारले जाते, आणि ‘काहीच नाही’ हे उत्तर महागात पडते, असे माझे तरी मत आहे. पद्धत लपवणे त्याहून वाईट; पडताळणीला कागद विद्यापीठाकडे जातोच.

काही खासगी कंपन्या जाहिरातीतच ‘फुल टाइम रेग्युलर’ लिहितात. तिथे यूजीसीचे समकक्षतेचे पत्र नाचवून सहसा काही साधत नाही. ज्या कंपनीवर डोळा आहे तिच्या जुन्या जाहिराती फी भरण्याआधी काढून वाचाव्यात आणि यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत आपला अभ्यासक्रम, आपल्याच प्रवेशाच्या सत्रासाठी, आहे का ते बघावे.