सहाही सिलिंडर एकदम ढिले पडले तर

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर एखादा जुना ट्रक ‘पिकअप नाही, काळा धूर मारतो, सकाळी स्टार्ट होत नाही’ म्हणून उभा राहिला, की संशय आधी पिस्टनच्या रिंगांवर जातो. हेड उतरवा, बोअर करा, पिस्टन बदला. ज्याचा एकच ट्रक आहे, त्याला हा खर्च मोडून टाकतो. म्हणून माझा आग्रह आहे की, पाना उचलण्याआधी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते दाखवणारं मीटर) लावून प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून काढावा.

एकच सिलिंडर कमी दाखवत असेल, तर दोष त्याच सिलिंडरचा. सगळेच कमी असतील आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भसाभसा धूर येत असेल, तर रिंगा खरंच गेल्या आहेत. पण ब्रीदर स्वच्छ, ऑइल कमी होत नाही आणि तरी सहाही आकडे सारखेच घसरलेले, असं असेल तर कॅमकडे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडमीट करणाऱ्या दांड्याकडे, वळायला हवं. विशेषतः इंजिनाचं काम नुकतंच झालेलं असेल तर.

क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, म्हणून कॅमच्या गिअरला दुप्पट दात असतात. समजा क्रँकच्या गिअरला ३६ दात आहेत. जुळवताना एक दात चुकला, तर व्हॉल्व्हची वेळ क्रँकच्या हिशेबाने १० अंशांनी सरकते.

हे १० अंश किती महाग पडतात ते पाहा. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोहोचल्यावरही थोडा वेळ उघडाच ठेवलेला असतो. इंजिन वेगात असताना आत धावणारी हवा स्वतःच्या जोरावर येतच राहते, तिला तेवढी सवड दिलेली असते. टाटाच्या जुन्या ६९७ इंजिनात बोअर (सिलिंडरचा व्यास) ९७ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) १२८ मिलिमीटर. एवढ्या स्ट्रोकला व्हॉल्व्ह तळानंतर ५० अंशांऐवजी ६० अंशांवर मिटला, तर तेवढ्यात पिस्टन आणखी ७-८ मिलिमीटर वर आलेला असतो. स्टार्टरच्या मंद गतीत हवेला जोर नसतो, त्यामुळे ती आल्या वाटेनेच बाहेर ढकलली जाते. उरलेली हवा कमी दाबली जाते, म्हणून कमी तापते. डिझेल पेटतं ते याच उष्णतेवर, स्पार्क प्लग तिथे नसतोच.

मुंबईत हा दोष बराच काळ लपून राहतो, कारण इथली हवा मुळातच उबदार. तोच ट्रक जानेवारीत कसारा घाट चढून नाशिकला मुक्कामी राहिला, की पहाटे नुसता पांढरा धूर ओकतो. कॅम मागे पडलेला असेल, म्हणजे व्हॉल्व्ह उशिरा उघडत-मिटत असतील, तर हायवेच्या वेगाला गाडी त्यातल्या त्यात बरी चालते, पण कमी वेगात ओढत नाही. पुढे सरकलेला असेल तर बहुधा उलट.

तपासणी इंजिन न खोलता करता येते, फक्त टॅपेट कव्हर काढायचं. आधी टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला, गॅप फिलर गेजने नीट सेट करा, कारण गॅप चुकीचा असला तर व्हॉल्व्हची वेळही चुकीची दिसते. मग क्रँक हाताने, नेहमीच्या दिशेने फिरवून फ्लायव्हीलची टॉपची (पिस्टन सर्वांत वर असल्याची) खूण काट्यावर आणा, पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर, म्हणजे त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले, ठेवून. या क्षणी सहाव्याचा एक्झॉस्ट मिटत आलेला आणि इनलेट नुकताच उघडू लागलेला दिसायला हवा. एक्झॉस्ट अजून बराच दबलेला आणि इनलेट हललेलाच नसेल, तर कॅम मागे आहे. इनलेट आधीच चांगला खाली गेला असेल, तर पुढे. नेमके अंश हवे असतील तर पुलीवर अंशांची तबकडी आणि व्हॉल्व्हवर डायल गेज लावून मॅन्युअलशी ताडून घ्या.

दोष पक्का झाला, की मगच या गिअरांवरचं टायमिंग कव्हर उघडायचं. नुसत्या खुणा जुळवून थांबू नका. गिअर दांड्यावर पक्का धरणारी चावी झिजली आहे का, गिअर कॅमवर सरकला आहे का, तेही पाहा. मध्ये दोन्ही गिअरांना जोडणारा आयडलर गिअर असेल तर त्याच्या खुणा प्रत्येक फेरीला जुळत नाहीत, तेव्हा फिरवल्यावर त्या हुकल्या म्हणून पुन्हा गिअर काढायची घाई नको.

जोडणी झाल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. डिझेलमध्ये टॉपला पिस्टन आणि हेड यांच्यात फार थोडी जागा असते. कुठे अडकलं तर तिथेच थांबा. स्टार्टर मारलात तर पुशरॉड (कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारी सळी) किंवा व्हॉल्व्ह वाकेल. फेरे मोकळे गेले की डिझेल पंपाचं टायमिंग नव्याने बघा, कारण बऱ्याच इंजिनांत पंपही याच गिअरवर चालतो.