प्रजनन-आरोग्य आणि प्रोबायोटिक्स

पुरेशा प्रमाणात दिल्यास शरीराला उपकारक ठरणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांना प्रोबायोटिक्स म्हणतात. पचनासाठी ती सर्वांना ठाऊक आहेत. जननमार्गासाठी त्यांचा वापर अलीकडचा. त्यामागचे निरीक्षण मात्र जुने आहे. निरोगी योनिमार्गात आम्ल तयार करणारे दंडाकार जीवाणू असतात, हे जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये नोंदवले.

हे जीवाणू म्हणजे लॅक्टोबॅसिलस. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या प्रभावाने योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन (साठवणीची शर्करा) साठते, त्यापासून हे जीवाणू लॅक्टिक आम्ल बनवतात आणि सामू (पीएच; ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल) साधारण ३.८ ते ४.५ राहतो. एवढ्या आंबट जागी रोगजंतूंचा सहसा निभाव लागत नाही. लॅक्टोबॅसिलस घटले की इतर जंतू माजून बॅक्टेरियल व्हजायनोसिस हा योनिमार्गाचा विकार बळावतो. मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाने तो आटोक्यात येतो, पण पुष्कळ जणींना वर्षाच्या आत पुन्हा होतो, कारण औषध जंतू मारते, रिकामी झालेली जागा भरत नाही. अमेरिकेतील एका चाचणीत (२०२०) २२८ स्त्रियांना मेट्रोनिडॅझोलनंतर ‘लॅक्टोबॅसिलस क्रिस्पेटस सीटीव्ही-०५’ किंवा निष्क्रिय पूड योनीत ठेवण्यास दिली. बाराव्या आठवड्यापर्यंत विकार उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ३० आणि ४५ टक्के होते. फरक खरा, पण रामबाण नव्हे.

हेच गणित गाईला लावता येत नाही. तिच्या योनिमार्गाचा सामू उदासीनच्या आसपास असतो आणि लॅक्टोबॅसिलस मोजकेच. तिचा धोका व्याल्यानंतरचा: गर्भाशयाचे तोंड उघडे असते, वार अडकली तर जंतूंना आयतेच खाद्य मिळते, आणि ई. कोलाय, ट्रुपेरेला पायोजेनिस यांसारख्या जंतूंमुळे गर्भाशयदाह होतो. मग गाय उलटत राहते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, आणि दोन वेतांतले अंतर लांबते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात गाईंच्याच योनिमार्गातून वेगळे केलेले लॅक्टिक आम्ल जीवाणू विण्याच्या सुमारास योनीत सोडून पाहिले गेले. गर्भाशयदाह कमी आढळला. येथे भिस्त आम्लतेपेक्षा पेडिओसिनसारख्या जंतुरोधक प्रथिनांवर आणि स्थानिक प्रतिकारशक्तीवर आहे. डुकरिणींना बॅसिलस प्रजाती खाद्यातून देतात.

पुरुषांच्या शुक्राणूंवरील अभ्यास लहान आहेत. त्यांवर फार विसंबू नये. गरोदरपणातील मधुमेह टाळण्यासाठी दिलेल्या प्रोबायोटिक्सचा २०२१ चा कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा) तर सावध करणारा आहे: मधुमेह टळल्याचे स्पष्ट दिसले नाही, उलट प्री-एक्लॅम्प्सियाचा (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या गंभीर विकाराचा) धोका वाढलेला आढळला.