काळी पार्श्वभूमी आणि टर्मिनलची स्वतःची पार्श्वभूमी

काळ्या टर्मिनलवर, म्हणजे टाइप करून आज्ञा देण्याच्या खिडकीत, काम करणाऱ्याला मुद्दाम दिलेली काळी पार्श्वभूमी आणि टर्मिनलची स्वतःची पार्श्वभूमी यांतला फरक वर्षानुवर्षं कळत नाही, कारण त्याच्या स्क्रीनवर तो दिसतच नाही. मला तो दिसला दुसऱ्याच्या लॅपटॉपवर. लॉग, म्हणजे प्रोग्रामांनी ठेवलेल्या नोंदी, वाचण्यासाठी पायथन भाषेत लिहिलेला माझा छोटा प्रोग्राम एका सहकारी मैत्रिणीनं उघडला. तिचं टर्मिनल पांढरं, अक्षरं काळी. तिच्या डोळ्यांना तेच सोसतं. प्रोग्राम सुरू होताच अख्खी खिडकी काळी झाली आणि उजव्या व खालच्या कडेला तेवढी पांढरी पट्टी उरली. खिडकीची मापं अक्षरांच्या पूर्ण रकान्यांत बसली नव्हती, म्हणून उरलेली जागा टर्मिनलनं आपल्या रंगात ठेवली होती. तिनं निवडलेला रंग तेवढ्याच पट्टीत शिल्लक होता. बाकी सगळीकडे मी काळा फासला होता.

टर्मिनलला रंग सांगतात ते एस्केप कोडनं, म्हणजे मजकुराबरोबर पाठवलेल्या आकडी खुणांनी. अक्षरांसाठी ३० ते ३७, पार्श्वभूमीसाठी ४० ते ४७. यातला ४० म्हणजे काळा. ४९ हा आकडा शेजारचाच, पण तो कुठल्याही रंगाचं नाव नाही. या कोडांचे अर्थ ठरवणाऱ्या एक्मा-४८ या मानकात ३९ म्हणजे अक्षरांचा डिफॉल्ट रंग आणि ४९ म्हणजे पार्श्वभूमीचा डिफॉल्ट रंग, इतकंच आहे. तो कोणता ते टर्मिनलनं ठरवायचं. लिनक्सच्या साध्या कन्सोलवर, म्हणजे खिडक्यांशिवायच्या मजकुरी स्क्रीनवर, ४९ पाठवलं की काळा मिळतो. एक्सटर्म हे टर्मिनल काहीही न बदलता उघडलं तर त्याच ४९ ला पांढरा मिळतो. म्हणजे ४० पाठवताना प्रोग्राम स्वतः निर्णय घेतो, ४९ पाठवताना तो निर्णय समोरच्या माणसाकडे ठेवतो.

‘पण माझे सगळे वापरणारे काळंच टर्मिनल वापरतात’ असं म्हणून सुटका होत नाही. सोलराइज्ड ही लोकप्रिय रंगसंगती घ्या. तिच्या गडद रूपात पार्श्वभूमीचा लाल-हिरवा-निळा हिशोब ०, ४३, ५४ असा आहे, आणि पॅलेटमधला, म्हणजे टर्मिनलच्या क्रमांकित रंगयादीतला, शून्य क्रमांकाचा, म्हणजे नावानं ‘काळा’, रंग ७, ५४, ६६ आहे. दोन्ही गडद, तरी वेगळे. प्रोग्रामनं ४० पाठवलं की मजकुरामागे किंचित फिकट ठिगळं दिसतात. पारदर्शक खिडकीतही तोच प्रकार: बहुतेक टर्मिनल डिफॉल्ट पार्श्वभूमीच पारदर्शक ठेवतात, त्यामुळे मुद्दाम काळे केलेले रकाने भरीव चौकोन होऊन वर येतात.

सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट सांगणं. अक्षरांना ३७ देऊन पांढरं केलं आणि पार्श्वभूमीबद्दल काहीच बोललो नाही, तर पांढऱ्या टर्मिनलवर ओळ जवळजवळ नाहीशी होते. पांढऱ्या-काळ्याच्या बाबतीत माझा नियम पक्का आहे: सांगायचे तर दोन्ही रंग सांगा, नाहीतर दोन्ही टर्मिनलवर सोडा.

आता माझ्या प्रोग्रामकडे. मी एकदाही काळा मागितला नव्हता, मग तो आला कुठून? मी टर्मिनलवर स्क्रीन रेखाटणारी कर्सेस लायब्ररी वापरली होती. तिचं स्टार्ट_कलर हे रंग सुरू करणारं फंक्शन बोलावलं की ती शून्य क्रमांकाची रंगजोडी ‘काळ्यावर पांढरा’ अशी धरून चालते, आणि रिकामी जागासुद्धा त्याच जोडीनं रंगवते. एनकर्सेस या तिच्या प्रचलित आवृत्तीत याला उतारा आहे: यूज_डिफॉल्ट_कलर्स. तो बोलावल्यावर -१ हा रंगक्रमांक वापरता येतो आणि त्याचा अर्थ ‘टर्मिनलचा जो असेल तो’. इथे ० आणि -१ यांची गल्लत करू नका. ० म्हणजे काळा.

क्रमही महत्त्वाचा. आधी स्टार्ट_कलर, मग यूज_डिफॉल्ट_कलर्स, आणि त्यानंतरच रंगजोडी ठरवणाऱ्या इनिट_पेअरमध्ये -१. मधली पायरी गाळली तर -१ ला नकार मिळतो. काही टर्मिनलांना ही सोयच नसते आणि तिथे पायथन एरर फेकतं, म्हणून मी ती ओळ ट्राय-एक्सेप्टमध्ये, म्हणजे एरर आली तरी प्रोग्राम पुढे नेणाऱ्या रचनेत, ठेवली. जमलं तर पार्श्वभूमी -१, नाही जमलं तर ०. एवढ्या बदलानं मैत्रिणीच्या स्क्रीनवरची कडेची पट्टी गेली, कारण आता सगळीच खिडकी तिच्या पांढऱ्या रंगात होती.

पण लगेच दुसरी अडचण उभी राहिली. इशाऱ्याच्या ओळी मी पिवळ्या केल्या होत्या. एक्सटर्मचा साधा पिवळा २०५, २०५, ० असा आहे. काळ्यावर ठळक, पांढऱ्यावर वाचताना डोळे ताणावे लागतात. एक्सटर्मच्या निळ्याचं, ०, ०, २३८ चं, नेमकं उलट: पांढऱ्यावर स्वच्छ, काळ्यावर बुडालेला. पार्श्वभूमी दुसऱ्याच्या हाती दिली की अक्षरांचे रंग निवडताना दोन्ही टोकांचा विचार करावाच लागतो. टर्मिनलला त्याची पार्श्वभूमी विचारता येते. व्हिम हा मजकूर-संपादक तसं विचारून गडद की फिकट हे ठरवतो. मात्र प्रत्येक टर्मिनल उत्तर देईलच असं नाही, म्हणून ठरावीक वेळ वाट पाहून पुढे जावं लागतं. आरएक्सव्हीटी हे टर्मिनल कलरएफजीबीजी नावाच्या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे इतर प्रोग्रामांना वाचता येणाऱ्या नोंदीत, सुरुवातीलाच रंगांची माहिती ठेवतं, पण काम चालू असताना रंगसंगती बदलली तर ती शिळी होते.

मी हा अंदाजाचा रस्ताच सोडला. इशारा ठळक अक्षरांत दाखवला आणि निवडलेल्या ओळीसाठी उलटा रंग वापरला, म्हणजे कोड ७. तो त्या जागेवरचे अक्षराचे आणि पार्श्वभूमीचे रंग आपसात बदलतो. तिच्याकडे निवडलेली ओळ काळ्या पट्टीवर पांढरी दिसते, माझ्याकडे पांढऱ्या पट्टीवर काळी, आणि प्रोग्राममध्ये यांपैकी एकाही रंगाचं नाव लिहिलेलं नाही.

मुद्दाम काळा किंवा दुसरा रंग देणं चूकच असतं असं मात्र नाही. मिडनाइट कमांडर या टर्मिनलमधल्या फाइल-व्यवस्थापकाची निळी खिडकी ही त्याची ओळख आहे. तो पार्श्वभूमीबरोबर अक्षरांचे रंगही स्वतः ठरवतो, म्हणून कुठेही वाचता येतो.

राहिला कोड ०. पुष्कळजण पार्श्वभूमी परत आणायला तो पाठवतात. रंग परत येतात खरे, पण त्याबरोबर ठळकपणा, अधोरेखन, उलटा रंग हे सगळंच पुसलं जातं. निवडलेल्या ओळीच्या मध्यात एखादा शब्द रंगवून नंतर ० पाठवलं, की त्या शब्दापुढची पट्टी तिथेच तुटते. तिथे ३९ पाठवा. अक्षरांचा रंग तेवढा परत येतो आणि पट्टी ओळीच्या शेवटापर्यंत जाते.