हृदय प्रत्यारोपणानंतरचे मूत्रपिंडरक्षण (ग्लिफ्लोझिन)

नवे हृदय शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन सहसा जन्मभर चालू राहते. याच औषधांनी मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या सूक्ष्म रोहिण्या आकसतात आणि काही वर्षांत मूत्रपिंड थकते. टॅक्रोलिमसने मधुमेहही जडू शकतो. म्हणून डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन ही ग्लिफ्लोझिन गटातली, मूत्रपिंडही जपणारी मधुमेहाची औषधे या रुग्णांतही दिली जाऊ लागली आहेत.

या गटाचे मूळ फ्लोरिझिन, सफरचंदाच्या मुळाच्या सालीतले कडू द्रव्य. ते १८३५ च्या सुमारास वेगळे झाले. श्रेय काही लेखक पेटरसन यांना देतात, काही द कोनिंक व स्तास यांना. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. फ्लोरिझिनने लघवीत साखर उतरते हे जर्मन वैद्य फोन मेरिंग यांनी १८८६ मध्ये दाखवले.

ग्लिफ्लोझिनने मूत्रपिंड वाचते कसे, यावर मतभेद आहेत. एका मतानुसार मूत्रनलिकेत सोडियम वाढल्याने मूत्रपिंडातल्या गाळणीत रक्त आत आणणारी रोहिणी आवळते व गाळणीवरचा दाब उतरतो. दुसऱ्या मतानुसार गाळणीतून रक्त बाहेर नेणारी रोहिणी सैलावते व त्यामुळे दाब उतरतो. टॅक्रोलिमसने आत आणणारी रोहिणी आधीच आवळलेली असते. तेव्हा या रुग्णांपुरते दुसरे मत जास्त जुळते. सुरुवातीला रक्तातले क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) किंचित वाढते, तेवढ्याने ग्लिफ्लोझिन सोडू नये. डापाग्लिफ्लोझिन मूत्रपिंडाच्या रुग्णांना देऊन पाहणाऱ्या २०२० च्या डापा-सीकेडी चाचणीतून अवयव प्रत्यारोपित रुग्ण वगळलेले होते. हृदय प्रत्यारोपितांविषयीचा पुरावा बहुतांशी लहान, पूर्वलक्षी (जुन्या नोंदी तपासणाऱ्या) अभ्यासांचा आहे.

विदर्भातील खेड्यांत खरी काळजी उन्हाळ्याची. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि ग्लिफ्लोझिन लघवीवाटे पाणी काढते. हगवण-उलटी लागली, जेवण तुटले किंवा निरंकार उपास असला, तर डॉक्टरांना विचारून ग्लिफ्लोझिन थांबवावे. नाहीतर या औषधाने साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकते. टॅक्रोलिमस मात्र स्वतःहून कधीही थांबवू नये. निंदणी-वेचणीनंतर दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी या मूत्रपिंडाला फार घातक.

टॅक्रोलिमसची पातळी सकाळच्या गोळीआधी पाहतात. पहाटेच्या एसटीने नागपूरला निघालेल्याने गोळी खिशात ठेवावी, रक्त दिल्यावरच घ्यावी. गडचिरोलीसारख्या सिकलसेलग्रस्त (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार असलेल्या) पट्ट्यात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी फसवी ठरू शकते. तिथे बोटातून घेतलेल्या साखरेच्या नोंदींवरच भर द्यावा.